स्टँड-इनचं काम आणि त्यापुढची वाट

नायिका व्हॅनिटीत मेकअपला बसलेली असते तेव्हा सेटवर तिच्या जागी दुसरी मुलगी उभी असते. लाइट तिच्यावर लागतो, फोकसचं अंतर तिच्या डोळ्यापर्यंत मोजलं जातं, ट्रॉलीच्या रिहर्सल तिला चालवून होतात, आणि टेकच्या आधी ती फ्रेममधून बाहेर पडते. ही स्टँड-इन. बॉडी डबल निराळी, ती पाठमोरी का होईना पडद्यावर दिसते. ‘डुप्लिकेट’ म्हटलं की आपल्याकडे बहुधा स्टंट करणारी समजतात. ज्युनिअर आर्टिस्ट गर्दीत असते, पासिंग देते (फ्रेममधून चालत जाते), तिचा महिला कलाकार संघही वेगळा. मुंबईत या चार कामांची सर्रास सरमिसळ होते आणि ती नेहमी काम करणारीच्या अंगाशी येते: फोनवर ‘स्टँड-इन’ सांगतात आणि सेटवर गेल्यावर पाठमोरा बेडसीन पुढे करतात. म्हणून होकार द्यायच्या आधीच विचारून घ्यायचं. फ्रेममध्ये दिसायचं आहे का, कपडे कुणाचे, शिफ्ट आठ तासांची की बाराची, पॅक-अप उशिरा झाला तर ड्रॉप (घरी सोडायला गाडी) आहे का. उत्तर तोंडी मिळालं तरी ‘आपलं असं बोलणं झालं’ असा मेसेज लगेच टाकून ठेवायचा. समोरच्याने नुसतं ‘ओके’ लिहिलं तरी पुरे.

हे काम मराठी सिनेमात किंवा मालिकेत फारसं मिळत नाही. तिथे तिसरा असिस्टंट डिरेक्टर नाहीतर एखादा स्पॉटदादाच मार्कवर उभा राहतो. स्टँड-इन लागते ती जाहिरातींना, मोठ्या हिंदी चित्रपटांना, काही वेब सिरीजना, परदेशी युनिट मुंबईत आलं तर त्यांना आणि व्हीएफएक्सचं (संगणकावर दृश्य घडवण्याचं) काम असेल तिथे. बोलावणं येतं ते बहुतेक वेळा डिरेक्शन टीमकडून किंवा कास्टिंग ऑफिसातल्या असिस्टंटकडून. मध्ये कोऑर्डिनेटर असेल तर त्याचे दहा ते पंचवीस टक्के गृहीत धरा. नाव नोंदवायला, ‘आर्टिस्ट कार्ड’ काढायला किंवा ऑडिशनला कुणी पैसे मागितले तर तिथे पुढचं बोलणंच नको.

निवड अभिनयावर होत नाही, मापावर होते. उंची नायिकेच्या एक-दोन इंचांच्या आत, वर्ण जवळचा, केसांचा रंग आणि लांबी सारखी. पाठवायचे फोटो तीन: समोरून, बाजूने आणि पाठमोरी, पूर्ण उंचीचे, मेकअपशिवाय. उंची अनवाणी पायांनी, भिंतीला टेकून मोजलेली. प्रोफाइलवर दोन इंच वाढवून लिहिण्याची आपल्याकडे जुनी खोड आहे, पण इथे ती पहिल्या लाइटिंगमध्येच उघडी पडते. दोन इंच कमी पडले तर पायाखाली ॲपल बॉक्स नावाचा लाकडी खोका येतो (पूर्ण ८ इंचांचा, अर्धा ४, पाव २ आणि सर्वात पातळ १ इंचाचा). उभ्या शॉटमध्ये तेवढ्याने भागतं, चालण्याच्या शॉटमध्ये नाही.

उभ्याची उंची जुळली म्हणजे बसल्यावरची जुळते असंही नाही. दोघी पाच फूट चारच्या असल्या तरी एकीचे पाय लांब आणि दुसरीचं धड लांब असू शकतं. जेवणाच्या टेबलाचा सीन लागला की लांब धडाची मुलगी दीड-दोन इंच वर दिसते. तिच्यावर बेतलेला लाइट नायिकेच्या केसांवरच पडतो आणि डोळ्यांखाली सावली येते. अनुभवी डीओपी (मुख्य छायालेखक) बैठकीचा सीन असेल तर स्टँड-इनला आधी बसवून बघतो. स्टूलवर बसून बैठकीपासून डोळ्यापर्यंतचं अंतर मोजून ठेवलेलं बरं. कुणी विचारत नाही, पण विचारलंच तर आकडा तयार असतो.

कपड्यांचंही तेच. नायिकेला पांढरी साडी आहे आणि स्टँड-इन काळ्या टी-शर्टमध्ये उभी आहे, तर लावलेला लाइट खोटा ठरतो. पांढऱ्या कापडावरून उजेड उसळून हनुवटीखाली जातो, काळं कापड तो गिळतं. नायिका येऊन उभी राहिली की हनुवटीखालची सावली नाहीशी होते, एक्सपोजर बदलतं आणि लाइटदादा पुन्हा शिडीवर. म्हणून कॉल शीट (दिवसाच्या शूटचं वेळापत्रक) आली की ड्रेसदादाला सीनचा रंग विचारायचा आणि त्याच रंगाची ओढणी किंवा कुर्ता पिशवीत टाकायचा. पांढरा, काळा, लाल आणि मातकट अशी चार साधी वस्त्रं असली तर बहुतेक दिवस निभावतात. चपलेच्या टाचेची उंचीही नायिकेइतकीच हवी.

प्रत्यक्ष काम म्हणजे उभं राहणं, पण त्यातही पद्धत आहे. नायिकेची रिहर्सल चालू असताना स्टँड-इनने मॉनिटरजवळ नाही, कॅमेऱ्याजवळ उभं राहून बघायचं: ती कुठल्या शब्दावर वळली, कुठल्या पायावर भार दिला, पेला कुठल्या हाताने उचलला, खुर्चीत बसताना आधी मागे बघितलं का. रिहर्सल संपली की जमिनीवर रंगीत टेपचा इंग्रजी टी चिकटतो, प्रत्येक नटाचा रंग निराळा. मग स्टँड-इन त्या टीवर दोन्ही बाजूंना पाय ठेवून उभी राहते आणि लाइटिंग सुरू होतं. मुख्य उजेडाचा की लाइट, सावली भरायला फिल, मागून बॅकलाइट, एका बाजूला उजेड परतवायला थर्माकोल, नको तो उजेड कापायला कटर, उजेड मऊ करायला स्किमर. या सगळ्यात वीस मिनिटंही जातात, तासही जातो. या वेळात चेहरा नायिकेच्या लूकच्या (नजरेच्या) दिशेला धरून ठेवायचा. फोन बघितला की मान खाली जाते, मान खाली गेली की डोळ्यातला उजेडाचा ठिपका नाहीसा होतो, आणि डीओपी त्या ठिपक्यासाठीच खपत असतो. उन्हाळ्यात गोरेगावच्या चित्रनगरीत बंद फ्लोअरवर, एसी चालू व्हायच्या आधी, हे वाटतं तितकं सोपं नाही. पाणी मागायचं, पण मार्कवरून हलताना सांगून हलायचं.

फोकस पुलर, म्हणजे फोकस सांभाळणारा, टेप घेऊन येतो आणि कॅमेऱ्यावरच्या सेन्सरच्या खुणेपासून डोळ्यापर्यंत अंतर मोजतो. आता लेझरही असतात, तरी टेप गेलेली नाही. ८५ मिमीची लेन्स, तिचं तोंड टी २ इतकं उघडं आणि माणूस दोन मीटरवर, एवढ्या मांडणीत तीक्ष्ण दिसणारा पट्टा जेमतेम ५-६ सेंटिमीटरचा असतो. वाक्याच्या जोरात नटी वीतभर पुढे झुकली की गेली सॉफ्ट, म्हणजे धूसर. मग टेक चांगला असूनही ‘फोकस के लिए एक और’ होतं. ही गोष्ट अभिनयाच्या शिबिरात क्वचितच कुणी शिकवतं, कारण तिथे ती लेन्स नसते. स्टँड-इनला ती फुकट शिकायला मिळते. डीओपीने ‘पस्तीस लाव’ म्हटलं की हात, कंबर, मागची खोली सगळं दिसणार. ‘पंच्याऐंशी’ म्हटलं की भुवईसुद्धा जपून उचलायची. दिवसभर हे आकडे कानावर पडतात. संध्याकाळी घरी जाताना त्या दिवसाचे दोन-तीन शॉट वहीत उतरवून ठेवले – लेन्स, अंतर, नटीने काय केलं, किती टेक गेले आणि का – तर सहा महिन्यांत कुठल्याही कोर्सपेक्षा चांगली वही तयार होते.

नायिका मार्कवर आली की स्टँड-इनचा शेवटचा उपयोग होतो आणि तो फार कमी जणी करतात. तिला दोन वाक्यांत सांगायचं: निळा टी तुमचा, हनुवटी किंचित वर असली तर लाइट पकडतो, डाव्या पायामागे केबल आहे. एवढंच. सीन कसा करावा याबद्दल एक अक्षर बोलायचं नाही, तिने विचारलं तरी नाही. तिथे नाव खराब झालं तर ते वर्सोव्याच्या आरामनगरातल्या कास्टिंगवाल्यांपर्यंत दुपारच्या आत पोचतं.

या कामात अभिनयाच्या सर्वात जवळ जाणारा प्रकार म्हणजे डबल रोल. एकाच नटीच्या दोन भूमिका समोरासमोर असल्या की कॅमेरा घट्ट बांधून किंवा मोशन कंट्रोलवर (तीच हालचाल हुबेहूब पुन्हा करणाऱ्या यंत्रावर) ठेवून एकच शॉट दोनदा, दोन पासमध्ये, घेतात. एकदा नटी डावीकडे, स्टँड-इन उजवीकडे, मग कपडे-केस बदलून अदलाबदल. पहिल्या पासला ठरलेली गती दुसऱ्या पासला तंतोतंत पाळायची असते. स्टँड-इनला दोन्ही भूमिकांचे संवाद पाठ लागतात, क्यू (समोरच्याने ज्यावर बोलायचं ते वाक्य) ठरलेल्या क्षणी द्यावा लागतो, आणि मॉनिटरवर आखलेली मधली रेघ ओलांडायची नसते. सावलीसुद्धा पलीकडे गेली तर व्हीएफएक्सवाल्यांचं काम वाढतं. दुसऱ्या पासला नटीच्या कानात आधीच्या टेकचा आवाज लावतात आणि स्टँड-इनचा लूक तिच्या डोळ्यांच्या नेमक्या उंचीवर लागतो. सजेशन शॉटही असेच. नायिका दुसऱ्या शूटला निघून गेली की समोरच्या नटाच्या क्लोजसाठी खांदा आणि केस स्टँड-इनचे. इथे क्यू सपाट न देता खरा द्यावा. समोरचा नट हे लक्षात ठेवतो, आणि पुढे ओळख निघते ती अशाच नटांकडून.

आता न आवडणारी गोष्ट. ज्या सेटवर तुम्ही स्टँड-इन आहात त्या सेटवर तुम्हाला भूमिका मिळणार नाही. हे काम केलेल्या आम्ही बायका भेटलो की याच मुद्द्यावर सगळ्यांचं एकमत होतं. ‘दिग्दर्शक रोज बघतो आहे, एखाद दिवशी नटी आजारी पडेल’ ही कथा सेटवर सगळ्यांना तोंडपाठ असते. कारणं साधी आहेत. कास्टिंग शूटच्या काही महिने आधी लॉक होतं. छोटी भूमिका गळाली तर कास्टिंगवाले आपल्या यादीतली दुसरी मुलगी आणतात, फ्लोअरवरची नाही. प्रॉडक्शनच्या वहीत तुमचा रकाना ठरलेला असतो आणि त्या रकान्याचा रेटही. एक-दोन वाक्यं मिळालीच तर ती स्टँड-इनच्याच पैशांत मिळतात. पुढच्या सिनेमातही तोच ईपी (एक्झिक्युटिव्ह प्रोड्यूसर) तुम्हाला तेच काम देतो, कारण त्याला तुमचा तोच उपयोग माहीत आहे. त्यामुळे स्टँड-इनचं काम शाळा आणि घरभाडं या दोनच कामांसाठी धरावं. अभिनयाची वाट दुसरीकडून काढावी लागते आणि ती त्याच वेळी काढावी लागते, ‘नंतर’ नाही.

नंतर म्हटलं की काय होतं तेही सांगते. वर्ष-दोन वर्षं नुसतं उभं राहिलं की अंगाला सवयी लागतात. चेहरा रिकामा ठेवायची सवय, कारण तसा ठेवायला कुणी सांगत नाही पण चार तास उभं राहायचं तर दुसरं काय करणार. खाली टेपकडे बघायची सवय. परवानगीची वाट बघायची सवय. आणि एकाच नायिकेबरोबर बराच काळ काम केलं तर तिची मान तिरकी करायची लकब आपल्यात उतरते, ती ऑडिशनमध्ये ओळखू येते. टेपकडे न बघता मार्क गाठण्याची जुनी युक्ती आहे: आधी मार्कवर उभं राहायचं, तिथून उलटं चालत सुरुवातीच्या जागेपर्यंत पावलं मोजायची, मग तितक्याच पावलांनी पुढे यायचं. दुसरी युक्ती डोळ्यांची. मार्कवर उभं असताना दाराची कड आणि मागच्या खिडकीचा गज एका रेषेत येतात का बघून ठेवायचं. चालत येताना ते दोन्ही जुळले की थांबायचं, मान हलत नाही. या दोन्ही गोष्टी घरच्या पॅसेजमध्ये डोक्यात संवाद चालू ठेवून कराव्यात. नुसतं चालणं सगळ्यांना जमतं, वाक्य आलं की पावलं चुकतात.

चेहऱ्यातला रिकामेपणा घालवायला रंगमंचासारखं दुसरं काही नाही. मुंबईत एकांकिका स्पर्धांची मोसमी गर्दी असते, राज्य नाट्य स्पर्धा तर १९५४ पासून चालू आहे, आणि दादर-माटुंगा-विलेपार्ले या पट्ट्यात तालमी रात्रीच्या असतात. त्यामुळे दिवसाच्या शिफ्टबरोबर त्या जमतात, नऊ ते नऊच्या शिफ्टबरोबर जमत नाहीत. तालमीच्या दिवसांत जाहिरातींची एक-दोन दिवसांची स्टँड-इन कामं घ्यायची आणि महिनाभराचं शेड्यूल सोडून द्यायचं, हा हिशेब बसवावा लागतो. रंगमंचावरून आलेलीचा आवाज मात्र कॅमेऱ्यासमोर मोठा पडतो. तिथे वही कामाला येते.

विद्यार्थ्यांच्या शॉर्ट फिल्म मराठी मुली कमी लेखतात, ही चूक आहे. पुण्याच्या एफटीआयआयच्या डिप्लोमा फिल्म असोत की चित्रनगरीतल्या व्हिसलिंग वूड्सच्या, पैसे थोडे किंवा नाहीतच, पण कॅमेरा चांगला असतो, साउंड नीट असतो आणि फिल्म महोत्सवांना पाठवायचीच असते. आज कॉलेजात असलेला तो मुलगा चार-पाच वर्षांनी पहिला सिनेमा करतो आणि तेव्हा त्याच्या फोनमध्ये मोजकी नावं असतात. घेताना दोन अटी घाला: येण्या-जाण्याचा आणि जेवणाचा खर्च त्यांचा, आणि फिल्म पूर्ण झाल्यावर तुमच्या सीनची क्लिप. स्क्रिप्ट पूर्ण वाचल्याशिवाय हो म्हणू नका.

सेल्फ-टेप, म्हणजे घरी स्वतःच शूट करून पाठवायचं ऑडिशन, हा आता खरा दरवाजा. वर्सोव्याच्या आरामनगरात अजूनही बंगल्याबंगल्यांत ऑडिशन चालतात, दारातच ‘नॉट फिट’ ऐकून परत फिरावं लागतं, पण पहिली चाळणी बहुतेक फोनवरच्या टेपवर होते. फोन आडवा, डोळ्यांच्या उंचीवर, ट्रायपॉडवर. वाइड लेन्स नको, नाक मोठं दिसतं. फोन दीड-दोन मीटर मागे नेऊन दुप्पट झूमची स्वतंत्र लेन्स असेल तर ती वापरायची. फोनमध्ये सेकंदाला २५ फ्रेम्सचा पर्याय असेल तर तो निवडा. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, ३० फ्रेम्सला साध्या ट्यूबलाइटखाली पडद्यावर पट्टे सरकताना दिसू शकतात. भिंत साधी, पण पाठ तिला चिकटवून उभं राहायचं नाही, तीन-चार फूट पुढे या म्हणजे सावली मागे पडत नाही. खिडकीचा उजेड समोरून पाऊण बाजूने. ज्याला लाइटिंगसाठी तासन् तास उभं केलं आहे त्याला हे सांगायला नको, तरी ट्यूब डोक्यावर ठेवून केलेल्या टेप स्टँड-इन मुलींच्याही बघितल्या आहेत.

समोरचे संवाद वाचून दाखवणारा माणूस लेन्सला अगदी लागून उभा राहावा, म्हणजे दोन्ही डोळे दिसतात. त्याचा आवाज तुमच्यापेक्षा हळू. इंट्रो वेगळा: नाव, उंची, राहण्याचं ठिकाण, भाषा, मग समोरून आणि दोन्ही बाजूंनी चेहरा. इंट्रो आणि सीन एकाच फाइलमध्ये मागितला असेल तर एकात, नाहीतर वेगळे. फाइलला नाव-उंची-भूमिका असं नाव द्या. ‘ऑडिशन फायनल २’ नावाच्या फाइली तिकडे रोज शेकड्याने येतात. व्हॉट्सॲपवर नुसती टाकली की दर्जा उतरतो, डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा ड्राइव्हची लिंक द्या आणि लिंक कुणालाही उघडता येते का ते दुसऱ्याच्या फोनवरून तपासा. परवानगी न दिल्यामुळे न उघडलेली टेप कुणी परत मागत नाही. ते पुढच्या टेपकडे जातात. टेक दोनच पाठवा आणि ते दोन खरोखर वेगळे असू द्या.

प्रोफाइलमध्ये स्टँड-इनची कामं कुठे लिहायची यावर मतं वेगवेगळी आहेत. माझं मत: अभिनयाच्या यादीत अजिबात नाही. कास्टिंग असिस्टंट यादी तीन सेकंद बघतो आणि स्टँड-इन हा शब्द दिसला की तुमचा रकाना ठरतो. शेवटी ‘तांत्रिक अनुभव’ म्हणून एक ओळ टाका. मोठ्या निर्मितीवाल्यांना त्या ओळीने फरक पडत नाही, स्वतंत्र सिनेमा करणाऱ्याला पडतो. त्याच्याकडे दिवस कमी, कॅमेरा भाड्याचा आणि लाइट मोजके. जी मुलगी पहिल्या टेकला मार्क गाठते आणि पेला तिसऱ्या टेकलाही त्याच शब्दावर उचलते ती त्याचे रोज तास-दीड तास वाचवते. ही गोष्ट भेटीत सांगा, गर्वाने नाही, माहिती म्हणून.

स्वतंत्र सिनेमात स्पर्धा मात्र नटींशीच नसते. ‘कोर्ट’ (२०१४) सारख्या सिनेमात बहुतेक माणसं अभिनयाचा व्यवसाय नसलेली होती आणि त्यानंतर बऱ्याच दिग्दर्शकांना तेच हवं असतं: कामवालीच्या भूमिकेला खरी कामवाली. तिच्यापुढे टिकायचं तर संवादाआधी हात तयार करावे लागतात. लादी पुसणारी बाई मागे मागे सरकत पुसते. पुढे सरकली तर ओल्या लादीवर तिचेच पाय उमटतील. फडका ती बादलीवर धरून पिळते आणि पिळून झाल्यावर एकदा झटकते. नटी गुडघे टेकून पुढे सरकत पुसायला लागली की दिग्दर्शकाला पुढचे संवाद ऐकायची गरजच उरत नाही. भूमिका नर्सची असेल तर ग्लोव्ह काढताना तो उलटा होतो का, मासळीवालीची असेल तर गिऱ्हाइकाशी बोलताना तिचे डोळे गिऱ्हाइकावर असतात की टोपलीवर, हे ससून डॉकला किंवा सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत उभं राहून बघता येतं. घरची बोली असेल – मालवणी, वऱ्हाडी, अहिराणी, आगरी – तर तिची एक टेप कायम तयार ठेवा. मुंबईत येऊन प्रमाण भाषेसाठी जिभेला वळण लावलेल्या मुली नेमकं हेच पुसून टाकतात, आणि आता मागणी त्याचीच आहे. २०२५ मध्ये सनडान्सला जागतिक सिनेमा विभागाचं ज्युरींचं मोठं पारितोषिक मिळालं ते ‘साबर बोंडं’ या मराठी सिनेमाला. त्याच्या आदल्या वर्षी कान महोत्सवात ग्राँ प्री मिळालेल्या ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’मधली पार्वती छाया कदम यांनी केली होती.

निवड झाली की लूक टेस्ट, वाचन आणि मग बहुधा आठवडा-दोन आठवड्यांचं वर्कशॉप. वर्कशॉपचे दिवस पैशांत धरले आहेत का ते इथेच विचारा. सेटवर व्हॅनिटी नसणार हे गृहीत धरा. चाळीत शूट असेल तर कपडे बदलायला शेजारच्या काकूंची खोली, आणि ती खोली, तिचं दार, तिथे कोण येणार हे पहिल्या दिवसाआधी असिस्टंटकडून नक्की करून घ्यायचं. आवाज बहुतेक सिंक साउंडचा, म्हणजे शूटच्या वेळीच मुद्रित होणारा. त्यामुळे काचेच्या बांगड्या वाक्यावर वाजल्या की टेक गेला. बांगड्यांच्या मधून पारदर्शक टेप फिरवतात किंवा संवादाच्या वेळी हात स्थिर ठेवतात. सिंथेटिक साडी लेपल माइकवर घासते, आतून सुती पट्टी लावून घ्यावी. पंखे बंद, खिडक्या बंद, मेकअपदादा एकच आणि घाम सगळ्यांना. शेजारच्या कुकरची शिटी, लोकलचा आवाज, वरच्या मजल्यावरचा मिक्सर. वाक्य मध्येच तुटलं तर आपणहून थांबायचं नाही, ‘कट’ येईपर्यंत चालू ठेवायचं, कारण चित्र कामाचं असू शकतं आणि आवाज नंतर ‘वाइल्ड’, म्हणजे कॅमेऱ्याशिवाय, घेता येतो. स्टँड-इनला परवानगीची वाट बघायची सवय असते, त्यामुळे ती इथे हमखास थांबते.

सलगी दाखवणारे सीन असतील तर काय दिसणार, कुठे हात लागणार, सेटवर कोण असणार, मॉनिटर कोण बघणार हे करारात लेखी हवं. शूटच्या दिवशी ठरवू म्हणणारा दिग्दर्शक कितीही गुणी असला तरी नको. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा सेटलाही लागू आहे. दहा किंवा जास्त माणसं काम करत असतील तर अंतर्गत समिती लागते, त्याहून लहान युनिट असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं, आणि तक्रार साधारणपणे तीन महिन्यांच्या आत द्यायची असते. कॉल शीटवर समितीतल्या व्यक्तीचा नंबर आहे का एवढं बघितलं तरी निर्मात्याचा कल कळतो.

पैशांच्या कलमात एक सापळा सिंक साउंडमुळेच तयार झाला आहे. जुन्या करारांचा मसुदा उचलून ‘शेवटचा हप्ता डबिंगनंतर’ असं लिहितात. सिंक साउंडच्या सिनेमात डबिंग बहुधा होतच नाही, मग हप्त्याची तारीखही येत नाही. तिथे ‘शूटच्या शेवटच्या दिवशी किंवा अमुक तारखेला, जे आधी असेल तेव्हा’ असं लिहून घ्या. मानधनाचा भाग नफ्यातून देऊ म्हणत असतील तर तो शून्य धरूनच होकार द्या किंवा नकार द्या. मानधनातून सहसा दहा टक्के टीडीएस कापतात, पॅन दिला नसेल तर वीस. कापलेला टीडीएस आपल्या पॅनवर जमा झाला का ते आयकराच्या पोर्टलवर बघा, न भरलेला निघाला तर त्याच वर्षी पाठपुरावा होतो, नंतर प्रॉडक्शन कंपनीच बंद झालेली असते. दोघांच्या सह्या असलेली कराराची प्रत शूटआधी हातात हवी.

फुटेजचं कलम तर हमखास विसरलं जातं. स्वतंत्र सिनेमा एडिटमध्ये वर्षभर असतो, मग गोव्याच्या फिल्म बाजारात (सिनेमाच्या खरेदीदारांच्या मेळाव्यात), मग महोत्सवांच्या वाटेवर. मोठ्या महोत्सवांना पहिलं प्रदर्शन आपल्याकडेच हवं असतं, त्यामुळे निर्माता एक फ्रेमही बाहेर पडू देत नाही, आणि ते बरोबरच आहे. पण तुमची सर्वात चांगली भूमिका दोन वर्षं कुणालाच दाखवता येत नाही आणि तुमच्या रीलमध्ये (कामाचे नमुने जोडलेल्या व्हिडिओत) तीच जुनी शॉर्ट फिल्म फिरत राहते. म्हणून करारातच लिहून घ्या की शूटनंतर सहा महिन्यांनी साठ ते नव्वद सेकंदांचा तुमचा सीन, पासवर्ड लावलेल्या लिंकवर, फक्त कास्टिंगला दाखवण्यापुरता मिळेल. लिंकवर वॉटरमार्क असू द्या, त्यांची हरकत त्यानेच मिटते. क्रेडिटमधलं नाव नेमकं कसं लिहायचं, तेही त्याच पानावर.

पहिल्या भूमिकेनंतर स्टँड-इनचं काम लगेच सुटत नाही, सोडायची घाईही करू नये. वर्सोवा-अंधेरीचं भाडं महोत्सवाच्या टाळ्यांनी भरत नाही. एक-दोन दिवसांच्या जाहिराती चालू ठेवा, लांब शेड्यूल नको, आणि ज्या कास्टिंग ऑफिसात आता तुम्ही भूमिकांसाठी टेप पाठवता त्यांच्याकडून स्टँड-इनचं काम घेणं थांबवा. तारखा मात्र सांभाळायच्या. वर्कशॉप अचानक लागलं आणि जाहिरातीचं शूट परवा असलं तर नुसतं ‘जमणार नाही’ कळवलं की डिरेक्शन टीम कायमची तुटते. आपल्याच उंचीच्या आणि वर्णाच्या दोन मुलींचे नंबर आधीपासून जवळ ठेवावेत, त्यांचे अनवाणी उंचीचे फोटो मागवून ठेवावेत, आणि नकाराच्या मेसेजबरोबरच त्यातली एक पाठवून द्यावी.